एकट्यानं गिटार शिकताना

गिटार शिकायला लागणारं साहित्य आज जितकं हाताशी आहे तितकं पूर्वी कधीच नव्हतं. हव्या त्या गाण्याच्या कॉर्ड्स फोनवर मिळतात, तेच गाणं कसं वाजवायचं हे दाखवणारे चार-पाच व्हिडिओ मिळतात, तारा सुरात लावून देणारा ट्यूनर फुकट मिळतो. तरीही घेतलेली गिटार काही महिन्यांत कपाटावर जाते, हे घरोघरी दिसतं. फेंडर या मोठ्या गिटार कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी सांगितलं होतं, की पहिल्यांदाच गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षाच्या आत ती सोडून देतात. साहित्याला तोटा नाही आणि गळती मात्र एवढी. मग अडतं कुठे?

गेल्या शंभर वर्षांत एकट्यानं शिकणाऱ्यांनी काय केलं, आजची साधनं काय देतात, सरावावरचं संशोधन काय सांगतं आणि आपल्या गाण्यांच्या बाबतीत काय वेगळं करावं लागतं, हे सगळं एकत्र पाहिलं तर एक उत्तर हाती येतं. शिक्षक नुसती माहिती देत नाही. तो आपलं वाजवणं ऐकतो, आणि आज काय घ्यायचं, काय पुढे ढकलायचं याचा क्रम लावतो. माहिती आता सगळ्यांना मिळते. ही दोन कामं मात्र शिक्षक नसेल तर कुणीच करत नाही. ती ज्यानं स्वतः अंगावर घेतली, तो एकट्यानं शिकू शकतो.

आधीचे लोक कसे शिकले

शास्त्रीय गिटारला मैफलीच्या रंगमंचावर मान मिळवून देणारे आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) बहुतांशी स्वतःच्याच बळावर शिकले होते. जँगो राइनहार्टला स्वरलेखन वाचता येत नव्हतं. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या कॅरॅव्हानला लागलेल्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, तेव्हा उरलेल्या बोटांनी वाजवण्याची पद्धत त्यानं स्वतः शोधली. वेस माँटगोमेरी विशीच्या सुमाराला चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड्स ऐकून त्याचे सोलो जसेच्या तसे बसवत असे. इंग्लंडमध्ये बर्ट वीडनचं ‘प्ले इन अ डे’ हे पुस्तक १९५७ मध्ये आलं. जॉर्ज हॅरिसन, पॉल मॅकार्टनी, एरिक क्लॅप्टन या सगळ्यांनी सुरुवातीला ते चाळलं होतं.

या मंडळींकडे साधनं मोजकीच होती. एक पुस्तक, चार रेकॉर्ड्स. म्हणून तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकली जायची. अवघड जागा कळावी म्हणून काही जण ३३ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांवर लावत. गाणं निम्म्या वेगानं आणि एक सप्तक खाली वाजे, पण एकेक स्वर सुटा ऐकू येई. क्रम लावण्याचं काम तिथे टंचाईनंच करून टाकलं होतं. आज आपल्यापुढे हजार वाटा एकदम उघडतात, त्यामुळे हे काम आपल्याला ठरवून करावं लागतं.

‘एकट्यानं’ या कल्पनेत थोडा गैरसमजही आहे. लंडनच्या संगीतशिक्षण अभ्यासक लूसी ग्रीन यांनी लोकप्रिय संगीत वाजवणाऱ्या इंग्लंडमधल्या १४ जणांशी बोलून, ते कसे शिकले याचा अभ्यास या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकरूपानं मांडला. रेकॉर्ड ऐकून नक्कल करणं हा त्यांच्या शिक्षणाचा कणा होताच, पण बरोबरीच्या मित्रांना पाहणं, त्यांच्याकडून एखादी युक्ती उचलणं आणि लवकरात लवकर कुणाबरोबर तरी वाजवू लागणं, हेही तितकंच महत्त्वाचं होतं. म्हणजे वर्ग नव्हता, पण ऐकणारे कान होते. खोलीचं दार लावून वर्षभर व्हिडिओ पाहणारा माणूस या अर्थानं जँगोपेक्षाही एकटा असतो.

आपल्याकडे याच्या दुसऱ्या टोकाची परंपरा गोव्यात होती. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. कागद वाचणारा हात आणि कानानं बसवणारा हात असे दोन्ही प्रकारचे वादक मुंबईच्या स्टुडिओत शेजारी बसून वाजवत आले. शिकणाऱ्यानंही या दोन वाटांना एकमेकींच्या विरोधात उभं करू नये.

कागदावरची गिटार

कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर बोट ठेवायचं हे दाखवणारं टॅब्लेचर इंटरनेटच्या फार आधीचं आहे. स्पेनमध्ये लुइस मिलाननं विहुएला या गिटारच्या पूर्वज म्हणता येईल अशा वाद्यासाठी १५३६ मध्ये ‘एल माएस्त्रो’ हे पुस्तक काढलं, ते टॅब्लेचरमध्येच आहे. गिटारवर एकच स्वर तीन-चार ठिकाणी सापडतो. नक्की कुठला घ्यायचा हे टॅब एका नजरेत सांगतो, आणि त्यामुळेच तो टिकला.

आज नेटवर मिळणारा साधा टॅब मात्र स्वर किती वेळ धरायचा हे बहुधा सांगत नाही, कुठलं बोट वापरायचं हेही सांगत नाही. गाण्याच्या शब्दांवर लिहिलेल्या कॉर्ड्सचं तसंच आहे. कॉर्ड कुठल्या अक्षरावर बदलते याचा अंदाज येतो, कुठल्या मात्रेवर बदलते हे कळत नाही. शिवाय हे सगळं हौशी लोकांनी लिहिलेलं असतं. काही फार चांगलं असतं, काही चुकीच्या पट्टीत असतं, काहींत एखादी मायनर कॉर्ड मेजर लिहिलेली असते. म्हणून तयार कॉर्ड्स घ्याव्यात, पण मूळ गाणं सोबत लावून प्रत्येक जागा तपासावी. कान ‘खटकलं’ म्हणाला तर बहुतेक वेळा कानाचंच खरं असतं.

पाश्चात्य स्वरलेखन ज्याला शास्त्रीय गिटार वाजवायची आहे किंवा ट्रिनिटीसारख्या परीक्षा द्यायच्या आहेत त्याला लागतंच. गाणी म्हणायला आणि साथ करायला शिकणाऱ्यानं ते पहिल्या वर्षी बाजूला ठेवलं तरी अडत नाही.

व्हिडिओ आणि अ‍ॅप

ऑस्ट्रेलियात वाढलेले शिक्षक जस्टिन सँडर्को यांनी २००३ पासून आपले धडे फुकट आणि क्रमवार मांडायला सुरुवात केली. यूट्यूब २००५ मध्ये आलं. फेंडरनं २०१७ मध्ये स्वतःची शिकवणी सुरू केली. या साधनांचे उपकार मोठे आहेत. जिथे गिटारचा शिक्षक नाही अशा गावातल्या मुलालाही उजव्या हाताचं मनगट कसं हलतं हे जवळून पाहता येतं. वेग अर्धा करता येतो, हवी ती जागा पन्नास वेळा पाहता येते.

पण व्हिडिओ आपलं ऐकत नाही. अ‍ॅप थोडंफार ऐकतं, स्वर बरोबर आला का आणि वेळेवर आला का एवढं सांगतं. तार मध्येच बसकी वाजते आहे, अंगठा गिटारच्या गळ्याला घट्ट आवळला आहे, खांदा वर उचलला गेला आहे, यातलं काहीही बहुतेक अ‍ॅप्सना कळत नाही. दुसरी अडचण क्रमाची. एका शिक्षकाचा तिसरा धडा, दुसऱ्याचा दहावा आणि तिसऱ्याचा ‘पाच मिनिटांत शिका’ असं करत गेलं की पाहणं पुष्कळ होतं आणि हातात काही उतरत नाही. पहिलं वर्षभर एकच शिकवणी धरावी आणि ती पुरी करावी. अमुक चांगली की तमुक, हा प्रश्न त्यामानानं किरकोळ आहे.

सरावाबद्दल संशोधन काय सांगतं

सरावाचा विषय निघाला की १९९३ च्या अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचं नाव निघतं. बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत सर्वांत पुढे गेलेल्यांनी एकट्यानं केलेला सराव जास्त होता, असं त्यांना दिसलं. त्यातून ‘तास मोजा’ एवढाच निष्कर्ष लोकांनी उचलला. एरिक्सन यांचा भर उणिवेवर नेमकं बोट ठेवणाऱ्या, लक्ष लावून केलेल्या सरावावर होता, आणि त्या विद्यार्थ्यांना शिक्षक होते, हे सोडून देता येत नाही.

एकट्यानं शिकणाऱ्याच्या अधिक कामाचा अभ्यास २००९ मधला आहे. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक यांनी १७ पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या कन्चेर्टोतला एक छोटा अवघड तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला. कुणी किती वेळ सराव केला किंवा किती वेळा वाजवलं यावरून दुसऱ्या दिवशीचा दर्जा ठरला नाही. ज्यांच्या सरावात बरोबर वाजवलेल्या वेळांचं प्रमाण जास्त होतं, ते चांगले ठरले. सर्वांत सरस वादकांच्याही चुका झाल्या. पण त्यांनी चूक नेमकी कुठे आहे ते शोधलं, तेवढाच भाग संथ केला आणि तो सुधारल्याशिवाय पुढे गेले नाहीत. आपण बहुतेक जण उलट करतो. गाणं मुखड्यापासून सुरू करतो, अंतऱ्यात अडखळतो आणि परत मुखड्यावर येतो. सोपा भाग शंभर वेळा वाजतो आणि चूकही शंभर वेळा घटवली जाते.

आणखी दोन जुने निष्कर्ष इथे लागू पडतात. एबिंगहाउसनं १८८५ मध्येच दाखवलं होतं की अभ्यास दिवसांमध्ये वाटला तर जास्त टिकतो. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या हातांच्या हालचालींवरील प्रयोगात असं दिसलं, की तीन हालचाली आळीपाळीनं मिसळून केल्या तर त्या वेळी काम जड जातं, पण नंतरच्या चाचणीत तेच लोक पुढे असतात. म्हणून एकच कॉर्डबदल अर्धा तास घोटण्यापेक्षा दोन कॉर्डबदल आणि गाण्याचा एक तुकडा आलटून पालटून घ्यावा.

यातून अर्ध्या तासाचा रियाज असा बेतता येतो. आधी तारा लावून पाच मिनिटं दोन कॉर्ड्समधली ये-जा, एका मिनिटात किती वेळा झाली ते वहीत टिपून. मग दहा मिनिटं चालू गाण्यातली फक्त अडणारी जागा, बरोबर येईल इतक्या संथ लयीत. मग दहा मिनिटं आधी बसवलेलं एखादं गाणं न थांबता, शेवटपर्यंत, फोनवर ध्वनिमुद्रित करत. उरलेली पाच मिनिटं त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी. हे शेवटचं काम सर्वांत नकोसं वाटतं आणि सर्वांत जास्त शिकवतं. वाजवताना आपलं लक्ष बोटांत गुंतलेलं असतं. नंतर ऐकताना कॉर्ड बदलण्याआधी लय किंचित थबकते हे ताबडतोब ऐकू येतं. शिक्षकाचा कान फोनमधून मिळवायचा तो असा.

गाणं कानानं बसवणं

ज्याला पुढे जायचं आहे त्याला तयार कॉर्ड्स सोडून कधीतरी कानावर यावंच लागतं. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी गाणं अंतऱ्यासकट म्हणता आलं पाहिजे. मग सा शोधायचा. चाल जिथे येऊन निवांत होते तो स्वर गुणगुणत जाड तारेवर सापडवायचा. मग फक्त बासचे स्वर, म्हणजे प्रत्येक ओळीखाली सर्वांत खालचा स्वर कुठे सरकतो ते. तो मिळाला की मेजर की मायनर एवढाच प्रश्न उरतो, आणि तो दोन्ही वाजवून सुटतो. शेवटी उजव्या हाताचा ठेका.

पहिली गाणी तीन-चार कॉर्ड्सची निवडावीत. जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्यांवर कितीतरी गाणी चालतात आणि त्यात पूर्ण तर्जनी आडवी दाबावी लागणारी एफ लागत नाही. ‘कयामत से कयामत तक’मधलं ‘पापा कहते हैं’ १९८८ पासून आणि ‘दुनियादारी’मधलं ‘टिक टिक वाजते डोक्यात’ २०१३ पासून कॉलेजच्या कट्ट्यांवर वाजतं आहे, ते आवडतं म्हणून आणि साथीला झेपतं म्हणूनही. ‘चुरा लिया है’ची सुरुवात मात्र थांबून घ्यावी. ती भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली आहे, आणि तिथे नुसत्या कॉर्ड्सनी भागत नाही.

आपली चाल, त्यांच्या कॉर्ड्स

मराठी गाणी बसवताना इंग्रजी धड्यांत नसलेले तीन प्रश्न येतात.

पहिला पट्टीचा. आपला गायक ‘काळी चार’ म्हणतो आणि गिटारवाला गोंधळतो. पांढरी एक म्हणजे सी धरली की हिशेब सोपा होतो. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे आकार, काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार, काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि पुन्हा जीचेच आकार. एवढं पाठ असलं की घरच्या कुठल्याही गाणाऱ्या माणसाला साथ करता येते.

दुसरा ठेक्याचा. धड्यांमधले स्ट्रमिंगचे नमुने बहुधा चारच्या मोजणीचे असतात. आठ मात्रांचा केरवा त्यात सामावतो, पण सहा मात्रांच्या दादऱ्यावर तोच नमुना लावला की गाणं लंगडतं. दादऱ्याला तीन-तीनचे दोन भाग करून पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन द्यावं. नुसत्या टिकटिकीऐवजी तबल्याचा ठेका देणाऱ्या अ‍ॅपवर सराव केला तर सम अंगात मुरते.

तिसरा प्रश्न सर्वांत खोल आहे. आपली पुष्कळ भावगीतं आणि अभंग रागांवर बेतलेले आहेत, आणि रागाला कॉर्ड सहज मानवत नाही. सा सी धरला तर भूपात सी, डी, ई, जी, ए एवढेच स्वर. नेहमीच्या एफ कॉर्डमध्ये मध्यम येतो, जीमध्ये निषाद येतो, आणि भूपात हे दोन्ही वर्ज्य. यमनात मध्यम तीव्र, त्यामुळे एफ कॉर्ड लावली की रंग उतरतो, डी मेजर मात्र तीव्र मध्यम घेऊनच येते. संगीतकार जाणूनबुजून या मर्यादा ओलांडतात, आणि ते सुंदरही लागतं. पण शिकणाऱ्यानं आधी कमी वाजवावं. सा आणि पंचम धरून ठेवले तरी चाल उभी राहते. त्यासाठी सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवून डी-ए-डी-जी-ए-डी अशी जुळणी करता येते. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमनं १९६० च्या दशकात ती गिटारवाल्यांत रुजवली. तिच्यात सा-पंचम-सा मोकळ्या तारांवरच मिळतात.

मींड आणि आंदोलन हवं असेल तर वाट आणखी लांब जाते. ब्रिजभूषण काब्रा यांनी तारांवर पट्टी सरकवत गिटारवर राग वाजवला, आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतच्या १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’नं तो घरोघरी पोचवला. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य होते. राग एकट्यानं, पडद्यावरून उचलायचा नसतो, हे या उदाहरणावरून लक्षात घ्यावं.

वाद्य आणि हात

सोडून देणाऱ्यांपैकी कित्येकांचा दोष नसतो, त्यांच्या गिटारचा असतो. स्वस्त गिटारच्या तारा लाकडापासून फार उंच असतात. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण अडीच मिलिमीटरवर असावी. तीनच्या बरीच वर असेल तर बोटं दुखतात आणि स्वरही चढा लागतो. दुकानात ती खाली करून घेता येते. नवख्यानं बारीक तारा लावून घ्याव्यात. मध्यम जाडीच्या स्टीलच्या तारांचा एकत्रित ताण ऐंशी किलोच्या वर असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात, स्टील गंजतं. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात आणि गिटार भिंतीला टेकवून न ठेवता पेटीत ठेवावी.

बोटांच्या टोकांना पहिले काही आठवडे दुखतं, ते सोसावं, कातडी निबर होते. मनगटात किंवा कोपरात कळ, बोटांना मुंग्या हे मात्र सोसायचे प्रकार नाहीत. तिथे थांबावं, बसण्याची पद्धत तपासावी, आणि कमी झालं नाही तर डॉक्टरांकडे जावं.

शिक्षक कधी लागतोच

एवढं सगळं करूनही काही जागी माणूस लागतो. सुरुवातीच्या महिन्यात हाताची ठेवण पाहायला, कारण तेव्हा लागलेली सवय नंतर सुटत नाही. एफसारखी बार कॉर्ड सहा महिने झाले तरी येत नसेल तेव्हा. शास्त्रीय गिटार किंवा राग यांकडे वळायचं असेल तेव्हा. यासाठी वर्षानुवर्षांची शिकवणी लागत नाही, महिन्यातून एक बैठक पुरते. आपली चुकीची जागा ध्वनिमुद्रणातून आधीच हेरून गेलो तर त्या एका तासाचं चीज होतं.

आणि ऐकणारी माणसं शोधावीत. भजनी मंडळात, गणपतीच्या कार्यक्रमात, कॉलेजच्या कट्ट्यावर, घरात गाणाऱ्या आत्याला साथ करताना. दुसऱ्याबरोबर वाजवताना थांबून मागे जाता येत नाही, चुकलं तरी समेवर यावंच लागतं. एकट्याच्या सरावात हा दबाव कधीच येत नाही, आणि तो आल्याशिवाय लय पक्की होत नाही.

एकट्यानं गिटार शिकता येते, याबद्दल इतिहास आणि अभ्यास दोन्ही ग्वाही देतात. त्यासाठी पहिल्या वर्षाचं माप बदलायला हवं. किती धडे पाहिले, किती कॉर्ड्स येतात, किती सुरुवाती वाजवता येतात हे मोजू नये. वर्षाअखेर दहा गाणी, मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत, कागद न पाहता, गाणाऱ्याच्या पट्टीत आणि न थांबता वाजवता आली, तर वर्ष सार्थकी लागलं. पूर्ण बसलेलं गाणं काय येतं आणि काय येत नाही हे स्पष्ट सांगतं, आणि पुढचं गाणं कुठलं घ्यायचं हेही त्यावरूनच ठरवता येतं.